राका : अर्थ आणि उपयोग

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बारक्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचे असतात. तू ते घेशील की नाही ठाऊक नाही, म्हणून पाकिटाच्या तळाशी ठेवले आहेत. हवे तर काढून घे.

घाबरू नकोस, कामाचं पत्र आहे. चार वर्षांत मी तुला लिहिलं नाही आणि तू मला. त्यात कोण किती चुकलं ते आज उकरत नाही. पत्ता मावशीकडून घेतला. तिने तो सहज दिला नाही, आधी अर्धा तास मला ऐकवलं.

माझं काम तुला आठवत असेलच. शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, अवघड शब्दांवर साध्या माणसाला कळतील अशा टिपा लिहायच्या, बावीस वर्षं मी हेच करते आहे. आता आमच्या शब्दसूचीचा शेवटचा भाग छापायला जायचाय आणि माझ्या वाट्याला ‘राका’ आलाय. आपल्याकडे राका म्हणजे पौर्णिमेची रात्र, पण तिचा इथे काही संबंध नाही. हा शब्द अरामी आहे. शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, लिहिली गेली ग्रीक भाषेत, पण त्यांतली माणसं घरात, बाजारात अरामी बोलायची. लिहिणाऱ्यांनी काही थोडे शब्द मूळचे तसेच राहू दिले. बापाला हाक मारायचा ‘अब्बा’ त्यांतलाच. ‘राका’ मात्र एकदाच येतो, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात. खून करू नये हे तुम्ही ऐकलंच आहे, पण जो भावावर रागावतो, जो भावाला राका म्हणतो, त्यालाही जाब द्यावा लागेल, असं तिथे सांगितलंय. शब्दाचा अर्थ रिकामा. ज्याच्यात काही नाही असा माणूस.

अर्थ सापडला की काम संपलं असं तुला वाटेल. तसं नसतं रे. आमच्याकडे तीन रंगांची कार्डं असतात. पांढऱ्यावर अर्थ, निळ्यावर शंका आणि पिवळ्यावर उपयोग. उपयोग म्हणजे आज, आपल्या भाषेत, अशा अर्थाचं कोण कोणाला काय म्हणतं, कुठे म्हणतं, आणि ऐकणारा पुढे काय करतो. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, असं आमचे गुरुजी म्हणतात. गुरुजी म्हणजे आमचे मुख्य संपादक, वय एक्क्याऐंशी, अरामी कोळून प्यालेले, आणि भिंगाशिवाय स्वतःची सहीसुद्धा न दिसणारे. ते म्हणतात, बोलणाऱ्याच्या तोंडात शब्दाचं वजन कळत नाही, ऐकणाऱ्याच्या हातापायांत कळतं.

तर तुझ्याकडे काम असं. तुमच्या वेतकामाच्या कारखान्यात वीसेक माणसं आहेत म्हणे. ती एकमेकांना किरकोळीत काढताना काय म्हणतात? दणदणीत शिव्या नकोत. त्या आम्हाला एका निवृत्त पोलिसाने दोन पानं भरून दिल्या आहेत, आणि त्या टंकित करणारी बाई दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. मला सौम्य, घरगुती हव्यात. सोबत पाच पिवळे तक्ते पाठवते. नकाशे काढायचास तेव्हापासून तुझं अक्षर रकान्यात बसतं, तेव्हा सबब सांगू नकोस.

तू म्हणशील, चार वर्षांनी ताईला आठवण झाली ती शिव्या विचारायला. हो. दुसरं निमित्त सापडेना.

शब्दसूची विभाग, तिसरा मजला
(म्हणजे मीच)


गुरुवार, २० फेब्रुवारी

बारक्या,

तुझं पाकीट काल आलं. पाच तक्ते गेले होते. चार कोरे परत आले, एक भरलेला. सोबत दोन ओळींची चिठ्ठीसुद्धा नाही. जे भरलंस ते पुन्हा इथे उतरवते, म्हणजे मी नीट वाचलं याची तुझी खात्री पटेल.

काय म्हटलं : ‘त्याला दुसरं काय काम होतं?’
कोण म्हणालं : मोठी बहीण.
कोणाला : मावशीला. माझ्यादेखत.
कुठे : आईला पोचवून आल्यावर, पुढच्या खोलीत.
ऐकणाऱ्याने काय केलं : कप गोळा केले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मीच तक्ता पाठवला, मीच तिकीट लावलं.

आता माझंही ऐक. एक तर ही शिवी नाही. यात एकही वाईट शब्द नाही, कुठल्याही कोशात काढून बघ. आणि मी ते तुला म्हटलं नव्हतं. मावशी म्हणाली, ‘पोरानं सहा वर्षं आईचं सगळं केलं, असा मुलगा भाग्यानं मिळतो.’ पुढच्या खोलीत दहा-बारा माणसं बसलेली, सगळी माना हलवत होती, आणि त्या माना हलता हलता माझ्याकडे वळत होत्या. तेव्हा मी ते बोलले. ओघात बोलले. तू तिथे दाराशी उभा होतास हे मला दिसलं नव्हतं.

नकाशांच्या कचेरीतली नोकरी तू सोडलीस ती माझ्या सांगण्यावरून नव्हे. मी तुला म्हटलं होतं की दिवसभरासाठी बाई ठेवू. तूच म्हणालास, आई परक्या हातून घास घेत नाही. मी इथून औषधं पाठवत होते, दर रविवारी फोन करत होते, सणवार काही न बघता करत होते. हे तक्त्यात कुठे भरायचं?

म्हणे कप गोळा केले. कोणीतरी करायलाच हवे होते.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि माझा तर सुंभही अजून शाबूत आहे.

कामाच्या दृष्टीने सांगायचं तर तुझा तक्ता बाद आहे. मी शब्द मागितला होता, तू प्रसंग पाठवलास. आलेल्या प्रत्येक तक्त्याला नंबर द्यायचा आणि ट्रेमध्ये लावायचा असा आमचा नियम आहे. मी तुझ्या तक्त्याला नंबर दिलेला नाही. तो माझ्या खणात आहे, पट्टीखाली.

माझ्या टिपेचा मसुदा तयार आहे. त्यात मी लिहिलंय, ‘सौम्य, नित्य वापरातला शब्द. म्हणणाऱ्याच्या मनात फारसा अपमान नसावा.’ हे मी तुझं पाकीट यायच्या आधी लिहिलं होतं, एवढं लक्षात घे.

ताई


शुक्रवार, ७ मार्च

बारक्या,

मागच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मला वाटलंही नव्हतं. मीच ते पत्र दुसऱ्या दिवशी पेटीतून परत काढायला गेले होते, पण पेटी रिकामी करून नेलेली होती. हे तुला सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं.

काल आमच्याकडे ऐकवणी होती. मसुदा छापायला जाण्याआधी आम्ही बाहेरची पाच-सहा माणसं बोलावतो, त्यांना उतारा वाचून दाखवतो, आणि मग त्यांनी तो आपल्या शब्दांत आम्हाला परत सांगायचा. यात एक कडक नियम आहे. ज्याने टीप लिहिली त्याने खोलीत बसायचं, पण भिंतीकडच्या खुर्चीवर, आणि तोंड उघडायचं नाही. लोकांनी कितीही उलटं सांगितलं तरी नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तुला माहीत आहे. बावीस वर्षांत मला दोनदा खोलीबाहेर काढलंय.

कालच्या माणसांत कोपऱ्यावरच्या बेकरीतल्या बाई होत्या. पन्नाशीच्या, बाह्या वर सरकवलेल्या, हाताला मैदा तसाच. टीप वाचून झाल्यावर गुरुजींनी त्यांना विचारलं, ‘तुमच्याकडे असं कोणी कोणाला म्हणतं का?’

त्या म्हणाल्या, ‘शिवी नाही ना ही?’

‘नाही.’

‘मग म्हणतात की. शिवी द्यायला समोरचा माणूस दिसावा लागतो हो. माझी जाऊ मला शिव्या देते, मी तिला देते, संध्याकाळी परत एका ताटात जेवतो. पण ज्याला शिवीसुद्धा द्यावीशी वाटत नाही, ज्याच्याशी भांडायचाही कंटाळा, त्याला असं काहीतरी म्हणतात. तो खोलीत असला काय नि नसला काय. माझे सासरे म्हणायचे मला. मेले बिचारे. पण मी अजून त्यांच्या फोटोकडे बघत नाही.’

‘मग ही टीप म्हणते की शब्द सौम्य आहे, ते बरोबर?’

‘कोणाला सौम्य?’ बाई म्हणाल्या. ‘ज्यानं लिहिलंय त्यानं कधी ऐकून घेतलेला दिसत नाही.’

सगळे हसले. मी भिंतीकडच्या खुर्चीवर होते. या खेपेला मला खोलीबाहेर काढावं लागलं नाही.

माणसं गेल्यावर गुरुजींनी मसुदा माझ्यापुढे सरकवला. ‘सौम्य’ या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलने एक रेघ मारली होती, एवढंच. ते कधी खोडत नाहीत. ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं, हीसुद्धा आमच्याकडची पद्धत.

मी अजून खोडलेलं नाही. पण मागच्या पत्रात एक गोष्ट खोटी लिहिली, ती खोडते. तू दाराशी उभा आहेस हे मला दिसलं होतं.

ताई


रविवार, १६ मार्च

बारक्या,

आज सुट्टी आहे, आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे तिसऱ्यांदा लिहिते आहे. आधीच्या दोन कागदांवर मी फार शहाणी दिसत होते.

गुरुजींनी मला पकडलं. जावक-वही तेच ठेवतात. बुधवारी टेबलापाशी येऊन म्हणाले, ‘वेतकामाच्या कारखान्यात पाच तक्ते गेले. ट्रेमध्ये चार कोरे आहेत. पाचवा?’ मी म्हटलं, बाद आहे. ते म्हणाले, ‘बाद ठरवणाऱ्या तुम्ही कोण?’ मी खण उघडला.

ते प्रत्येक तक्ता शेवटच्या रकान्यापासून वाचतात. भिंग घेऊन त्यांनी तुझी कपांची ओळ वाचली, मग वर वर गेले. ‘मोठी बहीण’ इथे थांबले. मला वाटलं विचारणार. विचारलं, पण भलतंच.

‘ही बहीण आहे ना अजून?’

‘आहे.’

‘मग तक्ता अपुरा आहे. पुढे काय झालं ते लिहिलेलं नाही.’

मग तक्ता ट्रेमध्ये ठेवला, खुर्ची ओढून बसले आणि मला एक गोष्ट सांगितली. ती याच शब्दाच्या उपयोगाची आहे, फार जुनी, यहुदी धर्मातल्या गुरुजनांच्या गोष्टींपैकी. एक मोठा विद्वान आपल्या गुरूच्या घरून गाढवावर बसून परत निघालेला असतो. खूप शिकून झालेलं, त्यामुळे स्वतःवर भलताच खूश. वाटेत एक कुरूप माणूस भेटतो आणि आदराने नमस्कार करतो. विद्वान त्याला म्हणतो, ‘अरे रिकाम्या, काय हे ध्यान! तुझ्या गावचे सगळे असेच का?’ तिथे तोच शब्द आहे. तो माणूस शांतपणे म्हणतो, ‘मला काय माहीत? ज्या कारागिराने मला घडवलं त्याला जाऊन सांगा, भांडं वाईट झालंय म्हणून.’ विद्वानाला आपली चूक कळते. तो गाढवावरून उतरतो, पाया पडतो, माफी मागतो. माणूस माफ करत नाही, चालायला लागतो. तर हा विद्वान त्याच्या मागोमाग पायी चालत त्याच्या गावापर्यंत जातो.

मी विचारलं, ‘शेवटी माफ करतो का?’

गुरुजी म्हणाले, ‘करतो, पण ते गावातल्या लोकांनी मध्ये पडल्यावर. तुम्ही मधला भाग बघा. तो माणूस नाही म्हणाला, तरी हा मागे चालत राहिला. पत्र पाठवलं नाही.’

मी पत्रं लिहिते आहे हे त्यांना कसं कळलं देव जाणे. जावक-वहीतच सापडलं असेल.

आणि मग मी मूळ उतारा पुढे वाचला. मला फक्त शब्द दिला होता. त्याच्या पुढची वाक्यं शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे होती, म्हणून मी ती कधी कामासाठी म्हणून वाचलीच नव्हती. त्यांत असं आहे की देवापुढे काही अर्पण करायला गेलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर ते अर्पण तिथेच सोड आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. आधी जा. इतकं साधं आहे ते. त्यावर कोणालाही टीप लिहावी लागलेली नाही.

आता जे तीनदा लिहायला बसले ते लिहिते.

आईच्या शेवटच्या महिन्यात तू मला चारदा फोन केलास. चौथ्यांदा म्हणालास, ‘ताई, ये. ती तुझं नाव काढते.’ मी म्हटलं, ‘मुद्रितं आली आहेत, तू आहेस ना तिथं?’ मुद्रितं तपासायला आली होती हे खरं. पण मला कोणी अडवलं नव्हतं. गुरुजी तर म्हणाले होते, जाऊन या. मी गेले नाही कारण मला त्या खोलीची भीती वाटत होती. मागच्या खेपेला आले होते तेव्हा तू तिची कूस बदलत होतास आणि मला म्हणालास, जरा पाठ धर. मी हात पुढे केला आणि मला मळमळलं. आपल्या आईच्या अंगाच्या वासाने मला मळमळलं, बारक्या. मी बाहेर जाऊन फोन आल्याचं सोंग केलं. त्यानंतर मी आले ती एकदम सगळं संपल्यावर.

आणि पुढच्या खोलीत सगळे तुझं नाव घेत होते. खरं तेच बोलत होते. मला ते सहन झालं नाही. तू जे केलंस ते मोठं ठरलं असतं तर मी जे केलं नाही तेही तेवढंच मोठं ठरलं असतं. म्हणून मी त्याला किरकोळ करून टाकलं. ओघात वगैरे काही नाही. लेकी बोले सुने लागे. बोलले मावशीला, पण ते तुला लागावं म्हणूनच, आणि नेमकं लागलं.

मी शनिवारी येते आहे. येऊ का असं विचारत नाही, कारण तू नको म्हणशील आणि मग मला ते निमित्त पुरेल. दार उघडलं नाहीस तर कारखान्याच्या पायऱ्यांवर बसेन. माझी टीप येत्या शुक्रवारी द्यायची आहे. ती टेबलावर तशीच सोडून येते आहे.

सोबत संमतीचा कागद ठेवते. तुझ्या तक्त्यातलं उदाहरण छापायचं तर तुझी सही लागेल. तुझ्या मनात असेल तरच कर.

ताई


मंगळवार, २५ मार्च

बारक्या,

सुखरूप पोचले. तू बांधून दिलेली पोळी बसमध्ये खाल्ली. मीठ जास्त होतं.

दोन दिवस झाले, आणि तू जे सांगितलंस ते मी कोणाला सांगितलं नाही. पण लिहून काढल्याशिवाय मला काही कळत नाही, हा माझा जुनाच रोग आहे, म्हणून तुझंच तुला लिहून पाठवते. चुकलं असेल तिथे खूण कर.

दार उघडून तू म्हणालास, ‘पायातलं बाहेर काढ, वेत भिजत घातलाय.’ चार वर्षांनी पहिलं वाक्य. मी बसमध्ये अख्खं भाषण पाठ केलं होतं, त्यातलं मला ‘मी चुकले’ एवढंच आठवलं. तू ‘हं’ म्हणालास आणि खुर्चीच्या बैठकीवर परत वाकलास. मग जरा वेळाने, ‘ते टोक धर, ताणून.’ मी धरलं. तुझ्या बोटांना इतक्या चिरा आहेत हे मला माहीत नव्हतं. याच बोटांनी तू नद्या काढायचास, केसाएवढ्या बारीक.

मी विचारलं की आईचं तू काय काय करायचास. तू म्हणालास, ‘आता कशाला?’ मी म्हटलं, मला खरंच माहीत नाही म्हणून. मी वही काढली तर म्हणालास, ‘वही आत ठेव, नाहीतर काही सांगणार नाही.’ ठेवली. तू खाली बघत, विणता विणता सांगत गेलास. पहाटे पाचला अंग पुसणं. दर दोन तासांनी कूस बदलणं, नाहीतर कातडी फाटते. एक वाटी पेज भरवायला सव्वा तास. चादरी दिवसातून तीनदा. तिला ऐकू येईना तेव्हा तळहातावर बोटाने अक्षरं काढून बोलणं. दुपारी ती झोपली की पलंगाखाली, जमिनीवर, तिचा श्वास ऐकत पडणं. सहा वर्षांत एकदाही घराबाहेर रात्र नाही. दोन खुर्च्या विणून झाल्या तरी तुझं सांगून संपलं नव्हतं.

मग शेवटच्या आठवड्याशी आलास आणि तुझे हात थांबले.

तिला दिसेनासं झालं होतं. ती ताई, ताई करत होती. दोन दिवस तू तिच्या तळहातावर लिहीत होतास, ताई येते आहे, ताई निघाली आहे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने तुझा हात चाचपला, घट्ट धरला आणि म्हणाली, ‘आलीस गं?’

आणि तू म्हणालास, ‘आले.’

म्हणालास, आणि तळहातावरही लिहिलंस. तिचा चेहरा एकदम निवला, म्हणालास तू. मग तिने विचारलं, ‘बारक्या कुठाय?’ तू लिहिलंस, कामावर गेलाय. तेव्हा ती म्हणाली, ‘फार राबतो गं तो. कोणी विचारत नाही त्याला. तू मोठी आहेस, त्याला जप.’ त्यानंतर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गेली, आणि ते कळल्यावर मी बस धरली.

मी तुला विचारलं, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस. तू माझ्याकडे बघितलंस, त्या दिवसात पहिल्यांदा. ‘काय सांगू? ताई, आईनं तुला मला जपायला सांगितलंय, असं? स्वतःच्याच तोंडानं? मनाची तयारी करून मी पुढच्या खोलीत येत होतो. दारापर्यंत आलो होतो.’

मी तिथे रडले नाही. तुला वाटलं असेल हिला काही लागतच नाही. स्टँडवर रडले, तिकीट देणाऱ्यासमोर. तो म्हणाला, बाई, सुटे नसले तरी चालेल.

कामाचं सांगते. संमतीच्या कागदावर तू सही केली नाहीस, म्हणालास, हे घरातलं आहे, पुस्तकात नको. बरं केलंस. तुझा तक्ता मी गुरुजींच्या देखत ट्रेमधून काढून घेतला. नियमात बसत नाही, पण ते खिडकीबाहेर बघत राहिले. काल टीप लिहून दिली. ‘सौम्य’ मी माझ्या हाताने खोडलं. आता तिथे असं आहे : ‘वरवर किरकोळ वाटणारा शब्द. समोरच्या माणसाचं असणंच नाकारतो, म्हणून त्याची गणना हत्येजवळ केली आहे.’ गुरुजींनी भिंगातून दोनदा वाचलं आणि नंबर घातला.

माफीचं तू काही बोलला नाहीस. ‘ते माफीबिफी मला कळत नाही, पुढच्या महिन्यात आलीस तर पातळ वेत सोलायला ये, माणूस कमी आहे,’ एवढंच म्हणालास. मी येणार आहे. त्याच्या पुढच्या महिन्यातही येणार आहे. आईच्या खोलीत मला बसवून तू स्वतः कामावर निघून गेलास, आणि तिच्या लेखी शेवटी मी तिथे होते, तू नव्हतास. हे मी कसं फेडणार ते मला ठाऊक नाही, आणि फेडता येईल असं मी म्हणतही नाही.

पण आईने माझ्यासाठी एक निरोप ठेवला होता. ज्याच्यापाशी ठेवला त्याला तो सांगायची लाज वाटली आणि मी त्याला दारातच अडवलं, म्हणून पोचायला चार वर्षं लागली. त्याची पोच द्यायची राहिली होती.

निरोप मिळाला.

ताई